शिकागो ते ब्लेअर माउंटन : बाबांबरोबर संपांच्या गावांमधून

१ मे म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, शाळेत झेंडावंदन, ऑफिसला सुट्टी. पण हा १ मे आला कुठून तर शिकागोतून, आणि गंमत म्हणजे शिकागोत त्या दिवशी सुट्टी नसते! सगळं चालू. अमेरिकेचा लेबर डे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. मी शिकागोच्या उपनगरात इतकी वर्षं राहते पण ज्या हे-मार्केट चौकात १८८६ ला ते सगळं झालं ती जागा कधी बघितली नव्हती, बाबा चिंचवडहून आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं की ते हे-मार्केट कुठेय गं. बाबा एका कारखान्यात मशीन शॉपला होते, युनियनच्या कमिटीवर होते, गेट मीटिंग, मागणीपत्र, करार हे शब्द आमच्या घरात रोजचे. मग ठरवलंच की नुसतं हे-मार्केट नाही, जमेल तेवढं सगळं बघायचं, शिकागो, पुलमन, पिट्सबर्गजवळचं होमस्टेड आणि खाली वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणी. ऑक्टोबर चालू होता, थंडी अजून अंगावर येणारी नव्हती. नवरा म्हणाला तुम्ही दोघं जा, मी पोरांकडे बघतो.

बुधवार – शिकागो

डेसप्लेन्स स्ट्रीटवर, रँडॉल्फ आणि लेक स्ट्रीटच्या मधे फुटपाथवरच हे-मार्केटचं ते शिल्प आहे. लालसर रंगाची एक गाडी म्हणजे वॅगन, तिच्यावर चढून बोलणारी माणसं, सगळं जरा अमूर्त. आजूबाजूला महागडी रेस्टॉरंट्स, लोक कॉफीचे कप घेऊन भराभर जातायत, थांबणारे आम्ही दोघंच. हे शिल्प बसवलं २००४ मध्ये! घटना १८८६ ची. ११८ वर्षं त्या जागेवर कामगारांचं असं काही नव्हतं, आधी होता तो पोलिसाचा पुतळा, तो १९६९ आणि १९७० असा दोनदा बाँबने उडवला गेला आणि मग तिथून हलवला, आता तो पोलीस मुख्यालयात आहे.

झालं काय होतं ते थोडक्यात सांगते कारण आपल्याकडे "शिकागोचे हुतात्मे" एवढंच माहीत असतं. १ मे १८८६ ला अमेरिकाभर आठ तासांच्या दिवसासाठी संप सुरू झाला, तेव्हा दहा-बारा तास काम ही साधी गोष्ट होती. ३ तारखेला शिकागोतल्या मॅकॉर्मिक कारखान्याच्या गेटवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली, त्याच्या निषेधाची सभा ४ तारखेला संध्याकाळी इथे. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः येऊन ऐकून गेले, सगळं शांत आहे असं पोलिसांना सांगून घरी गेले, पाऊस यायला लागला, गर्दी पांगून दोन-तीनशे माणसं उरली, सॅम्युएल फील्डनचं भाषण संपत आलेलं, आणि तेव्हा इन्स्पेक्टर बॉनफिल्ड पावणेदोनशेच्या आसपास पोलीस घेऊन आला आणि सभा बंद करा म्हणाला. कुणीतरी बाँब टाकला. त्यानंतर अंधारात पोलिसांनी गोळ्या घातल्या. सात पोलीस आणि किमान चार कामगार गेले. बाँब कुणी टाकला हे आजपर्यंत कळलेलं नाही.

पण खटला आठ जणांवर चालला. त्यातले सहा बाहेरून आलेले, पाच जर्मन आणि एक इंग्रज. बाँब टाकला असा पुरावा एकावरही नाही, यांनी लिहिलं आणि भाषणं केली त्यामुळे कुणीतरी टाकला, असा सगळा युक्तिवाद. अल्बर्ट पार्सन्स तर लपून बसला होता, सापडला नव्हता, तो खटल्याच्या पहिल्या दिवशी स्वतः चालत कोर्टात आला आणि साथीदारांच्या शेजारी जाऊन बसला. बाबांनी हे ऐकल्यावर मला परत सांगायला लावलं. स्वतः आला? हो, स्वतः. ११ नोव्हेंबर १८८७ ला पार्सन्स, स्पाइस, फिशर आणि एंगेल यांना फाशी दिली, पाचव्या, लिंगने, आदल्या दिवशी कोठडीतच जीव दिला.

बाबा शिल्पाच्या चौथऱ्याभोवती फिरून पाट्या वाचत होते. जगातल्या वेगवेगळ्या देशांच्या युनियननी तिथे आपापल्या पाट्या बसवल्यात. त्यांनी प्रत्येक पाटीवर बोट ठेवून देशाचं नाव वाचलं आणि मग म्हणाले, "बरं मग करार झाला का शेवटी? आठ तासांचा?"

नाही झाला. काही ठिकाणी मिळालेले आठ तासही मालकांनी काढून घेतले, युनियनवाला म्हणजे बाँबवाला असं वर्षानुवर्षं चाललं. पॅरिसमध्ये १८८९ ला आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं की पुढच्या वर्षी १ मे ला जगभर आठ तासांसाठी निदर्शनं करायची, तिथून मे दिन. बाबांना लगेच आठवलं की आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली तीही १८९० मध्येच. म्हणजे इकडे आठ तासांसाठी माणसं फासावर जात होती त्याच काळात तिकडे परळ-लालबागला आठवड्यातून एक दिवस घरी राहता यावं म्हणून भांडण चालू होतं.

दुपारी ब्लू लाइन पकडून शेवटच्या स्टेशनला, फॉरेस्ट पार्कला गेलो. तिथून चालत फॉरेस्ट होम सिमेट्री. शहरात कुणी जागा देईना म्हणून या पाचही जणांना इथे पुरलं. स्मारक १८९३ चं आहे, डोक्यावरून वस्त्र घेतलेली एक बाई ताठ उभी आहे, पाऊल पुढे, आणि खाली पडलेल्या कामगाराच्या डोक्याला ती पुष्पचक्र घालतेय. खाली स्पाइसचे शेवटचे शब्द कोरलेत, एक दिवस येईल जेव्हा आज तुम्ही दाबताय त्या आवाजापेक्षा आमचं मौन जास्त ताकदवान असेल, अशा अर्थाचे. पायथ्याशी कुणीतरी ताजी फुलं आणि एक युनियनचा बिल्ला ठेवला होता. मागच्या बाजूला इलिनॉयचा गव्हर्नर ऑल्टगेल्ड याने शिक्षा माफ करताना काढलेल्या आदेशातला मजकूर आहे. स्मारकाचं अनावरण झालं २५ जून १८९३ ला आणि दुसऱ्याच दिवशी ऑल्टगेल्डने उरलेल्या तिघांना सोडलं, नुसतं सोडलं नाही तर खटलाच अन्यायाचा होता असं लेखी दिलं. यावरून वर्तमानपत्रांनी त्याला फाडून खाल्लं आणि पुढची निवडणूक तो हरला. मला विचाराल तर शिकागोत सगळ्यात मोठा पुतळा या माणसाचा हवा.

गुरुवार – पुलमन

शहराच्या दक्षिणेला १११व्या रस्त्यावर पुलमन आहे. आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, ओबामांनी २०१५ मध्ये राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. घड्याळाच्या मनोऱ्याची जुनी ऑफिस बिल्डिंग दुरुस्त करून तिथे माहिती केंद्र केलंय, फुकट आहे, आणि तिथले रेंजर मनापासून बोलतात.

जॉर्ज पुलमन रेल्वेचे झोपायचे आलिशान डबे बनवायचा. १८८० पासून त्याने कारखान्याला लागून अख्खं गाव वसवलं, विटांची सुंदर घरं, नळाचं पाणी, गॅस, बाग, बाजार, चर्च. आजही त्या गल्ल्यांतून चालताना घरं देखणी वाटतात हे कबूल करावं लागेल. पण मालकी सगळी कंपनीची. घर विकत मिळणार नाही, भाड्यानेच. दारू मिळणार फक्त हॉटेल फ्लॉरेन्समध्ये, तेही पुलमनच्या मुलीच्या नावाचं, आणि तिथे कामगार जाणार कुठून. हिरवट दगडाचं चर्चसुद्धा भाड्याने! भाडं इतकं की कुठल्याच मंडळीला परवडेना आणि ते वर्षानुवर्षं रिकामं राहिलं.

१८९३ ला मंदी आली. पुलमनने पगार सरासरी पाव हिश्शाने कापले. भाडं? एक पैसा कमी नाही. भागधारकांना लाभांश मात्र चालू. भाडं वळतं करून हातात काही सेंट्स उरायचे असे चेक कामगारांनी नंतर सरकारी चौकशीत दाखवले. बोलणी करायला गेलेल्या शिष्टमंडळातल्या तिघांना कामावरून काढलं आणि ११ मे १८९४ ला कारखाना बंद पडला.

इथून पुढे जे झालं ते फार मोठं आहे. युजीन डेब्सची अमेरिकन रेल्वे युनियन तेव्हा अगदी नवी होती, तिने ठरवलं की पुलमनचा डबा लागलेली एकही गाडी आम्ही हलवणार नाही. २६ जूनपासून बहिष्कार, २७ राज्यांमध्ये अडीच लाखांच्या आसपास कामगार, शिकागोच्या पश्चिमेकडची रेल्वे ठप्प. मग रेल्वे कंपन्यांनी टपालाच्या डब्यांच्या गाड्यांना मुद्दाम पुलमनचे डबे जोडले, म्हणजे गाडी अडवली की सरकारी टपाल अडवल्याचा गुन्हा. कोर्टाने मनाई हुकूम दिला, आणि तो कशाखाली तर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली! १८९० चा शर्मन कायदा मोठ्या कंपन्यांना वेसण घालायला केला होता, तो आधी वापरला युनियनवर. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने लष्कर पाठवलं, गव्हर्नर ऑल्टगेल्ड, हो तोच, नको नको म्हणत असताना. गोळीबार झाले, माणसं मेली, डेब्सला सहा महिने तुरुंग, संप मोडला. आणि या सगळ्याच्या मधेच, २८ जूनला, क्लीव्हलंडने लेबर डेच्या सुट्टीवर सही केली होती.

"इथेही करार नाही," बाबा म्हणाले. मी काही बोलले नाही.

पण तिथून थोड्या अंतरावर दुसरं छोटं म्युझियम आहे ते आवर्जून बघा, पुलमन पोर्टर्सचं. त्या डब्यांमध्ये प्रवाशांची बिछाने घालणं, बूट पॉलिश करणं, रात्रभर हाकेला उभं राहणं हे काम कृष्णवर्णीय पोर्टर करायचे. प्रवासी त्यांना सरसकट "जॉर्ज" म्हणायचे, मालकाच्या नावावरून. डेब्सच्या युनियनने कृष्णवर्णीयांना सभासद करून घ्यायला मतदान करून नकार दिला होता, हे लिहिताना वाईट वाटतं पण हे झालेलं आहे, आणि डेब्स स्वतः त्याच्या विरोधात होता. मग ए. फिलिप रँडॉल्फने १९२५ मध्ये पोर्टर्सची स्वतःची युनियन काढली. बारा वर्षं लागली. कंपनीने हेर लावले, लोकांना काढलं, सभासद गळाले, आणि ऑगस्ट १९३७ ला पुलमन कंपनीने करारावर सही केली. महिन्याला चारशे तास काम होतं ते २४० वर आलं. हाच रँडॉल्फ पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचा म्होरक्या होता.

बाबा म्युझियममधल्या त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. करार झाल्यावर माणसांचे चेहरे कसे दिसतात ते त्यांना माहितीय.

परतताना ईस्ट साइडवरून गेलो, तिथे ३० मे १९३७ ला रिपब्लिक स्टीलच्या संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा जण गेले, बहुतेकांना पाठीत किंवा बाजूने गोळ्या लागलेल्या. अंधार पडत आला होता, फार थांबता आलं नाही.

शुक्रवार – दिवसभर गाडी

शिकागो ते पिट्सबर्ग साडेसात तास, थांबत गेलात तर नऊ. टोल रोड, सपाट मक्याची शेतं, विशेष काही नाही. डब्यात पोळ्या आणि दाण्याची चटणी होती ती ओहायोच्या रेस्ट एरियात खाल्ली. इंडियानात गॅरी लागलं, हे शहर यू. एस. स्टीलने १९०६ मध्ये वसवलं, १९१९ च्या पोलाद संपात साडेतीन लाख कामगार बाहेर पडले तेव्हा इथेही लष्कर उतरवलं होतं. मागणी पुन्हा तीच, बारा तासांचे आठ करा. बाबा म्हणाले १८८६ ते १९१९, म्हणजे हे-मार्केटला आलेल्या माणसाचा मुलगासुद्धा बारा तास करून दमला असेल.

आणि पोलादात "लाँग टर्न" नावाचा प्रकार होता. दोन आठवड्यांनी दिवसपाळी-रात्रपाळी बदलायची तेव्हा एका गटाला सलग चोवीस तास भट्टीसमोर उभं राहावं लागायचं. बाबांनी तीन पाळ्यांमध्ये काम केलंय, सेकंड शिफ्टनंतर लगेच फर्स्ट आली तर माणसाचं काय होतं ते त्यांनी मला ट्रकांच्या आवाजात अर्धा तास सांगितलं. ते सगळं मी लहानपणी पाहिलंय पण तेव्हा कळलं नव्हतं, बाबा दुपारी झोपलेत, आवाज करू नका, एवढंच कळायचं.

शनिवार – होमस्टेड

सकाळी कॅरी फर्नेसेसची टूर. मोनोंगहेला नदीकाठी दोन महाकाय झोतभट्ट्या उरल्यात, क्रमांक ६ आणि ७, १९०७ पासून १९७८ पर्यंत चालल्या. नव्वद फुटांवर उंची, सगळं गंजून तांबूस झालंय, पाइपांमधून झाडं उगवलीत. इथलं वितळलेलं लोखंड पुलावरून नदीपलीकडे होमस्टेडच्या कारखान्यात जायचं. टूरवाल्याने जमिनीतल्या वाळूच्या चरांसमोर उभं करून सांगितलं की भट्टी फोडली की लोखंड इथून वाहायचं आणि माणसं इथे, एवढ्या अंतरावर, फावडी घेऊन उभी असायची. बाबांनी वाकून चराची कड हाताने बघितली, आतला लेप कशाचा आहे विचारलं, मग उष्णतेने बुटाचे तळवे जायचे का विचारलं. टूरवाला खूश झाला, म्हणाला बुटांना खालून लाकडी तळवे बांधायचे. दोघांची चांगलीच जमली, मी मधे दुभाष्या.

दुपारी नदीच्या दुसऱ्या काठाला. होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला आणि त्या जागेवर आता मोठं शॉपिंग सेंटर आहे, दुकानं, सिनेमा, पार्किंगच पार्किंग, आणि त्याच्या कडेला विटांची बारा धुराडी एका रांगेत तशीच उभी ठेवलीत. तिथून पूर्वेला मनहॉलच्या हद्दीत जुनं पंप हाउस आहे. ६ जुलै १८९२ ची लढाई झाली ती इथे.

लढाईच म्हणावं लागेल. कार्नेगी स्टीलचा कारभारी हेन्री क्ले फ्रिक याला युनियन संपवायची होती, स्वतः अँड्र्यू कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये. फ्रिकने कारखान्याभोवती काटेरी तारेचं उंच कुंपण घातलं आणि ३० जूनला करार संपायच्या आतच टाळेबंदी सुरू केली. युनियन खरं तर कुशल कारागिरांची, ३८०० मधले आठशेच्या आसपास सभासद, पण बाकीचे बिनसभासद मजूरही त्यांच्यामागे उभे राहिले, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मग फ्रिकने पिंकर्टन कंपनीचे ३०० भाडोत्री शिपाई मागवले. रात्री दोन बार्जमध्ये बसवून नदीतून आणले. पहाटे चारच्या सुमाराला बार्ज इथे लागल्या तर काठावर अख्खं गाव, बायका-पोरांसकट. पहिली गोळी कुणाची यावर दोन्ही बाजू भांडत राहिल्या. दिवसभर गोळीबार, कामगारांनी जळता तराफा सोडला, डायनामाइट फेकलं, तोफ आणली, संध्याकाळी पाचच्या सुमारास पिंकर्टन शरण आले. सात कामगार आणि तीन पिंकर्टन मेले.

बाबांना वाटलं, म्हणजे जिंकले! जिंकले, पण चार-सहा दिवसच. १२ जुलैला गव्हर्नरने पाठवलेली आठ हजारांवर मिलिशिया, म्हणजे राज्याचं सैन्य, आली, तिच्या बंदोबस्तात फ्रिकने नवे कामगार भरले, पुढाऱ्यांवर खून आणि राजद्रोहाचे खटले. ज्युरीने कुणाला दोषी ठरवलं नाही ही वेगळी गोष्ट, पण नोव्हेंबरपर्यंत संप मोडला आणि होमस्टेडमध्ये युनियन परत यायला १९३७ उजाडलं. पंचेचाळीस वर्षं! आठव्या ॲव्हेन्यूवर एक दगडी स्मारक आहे, त्या दिवशी मेलेल्या कामगारांचं, ते नव्या पोलाद युनियनने १९४१ मध्ये उभारलं. म्हणजे युनियन परत आल्यावर चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा आपल्या माणसांचा दगड बसवला.

तिथून टेकडीवर कार्नेगी लायब्ररी. फार सुंदर इमारत, आत संगीताचा हॉल, पोहण्याचा तलाव, १८९८ मध्ये उघडली. म्हणजे संप मोडल्यावर सहा वर्षांनी. मी बाबांना सांगितलं की कार्नेगीने अशा हजारो लायब्रऱ्या बांधल्या आणि लोक त्याला फार मानतात. बाबा पायऱ्यांवर बसले होते, गुडघे दुखत होते त्यांचे. म्हणाले, "बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस इथे वर चढून येणार कधी आणि वाचणार कधी? आठ तास दिले असते तर आले असते वाचायला." कार्नेगीच्या दानधर्माबद्दल मी बरंच वाचलंय, पण यापेक्षा नेमकं बोललेलं कुणाला ऐकलं नाही.

रविवार – मेटवान

पिट्सबर्गहून खाली चार्ल्सटन आणि तिथून ११९ नंबरच्या हायवेने डोंगरात, पाच-साडेपाच तास. झाडं लाल-पिवळी पेटलेली. विल्यमसनच्या पुढे रस्ता नदी आणि रेल्वेच्या मधून वाकड्यातिकड्या वळणांनी जातो. मेटवान म्हणजे एकच मुख्य रस्ता, विटांच्या जुन्या इमारती, मागे रेल्वे, पुढे टग फोर्क नदी आणि नदीपलीकडे केंटकी. पुरापासून वाचायला गावाला उंच भिंत आहे. डोंगरात एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणाऱ्या छोट्या उघड्या गाड्या, फिरवायला आलेले पर्यटक चिखलाने माखलेल्या गाड्या घेऊन भर रस्त्यात.

इथल्या खाण कामगाराचं घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, आणि पगार बऱ्याचदा कंपनीच्याच नाण्यांत, ज्याला स्क्रिप म्हणायचे, जे त्याच दुकानात चालायचं. १९२० च्या वसंतात इथल्या खाणकामगारांनी युनायटेड माइन वर्कर्समध्ये नावं घातली, त्यात डोंगरातले स्थानिक गोरे, दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय आणि इटली-हंगेरीहून आलेले सगळे एका युनियनमध्ये. शिकागोत जे डेब्सच्या युनियनला जमलं नाही ते या लोकांना खाणीत जमलं. नाव घातलं की नोकरी गेली आणि घरही गेलं. १९ मे ला बाल्डविन-फेल्ट्स या खाजगी डिटेक्टिव्ह एजन्सीचे बंदूकधारी आले आणि सभासदांच्या कुटुंबांचं सामान पावसात रस्त्यावर काढलं. संध्याकाळच्या गाडीने परत जायला ते स्टेशनवर आले तेव्हा पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड आणि महापौर टेस्टरमन यांनी त्यांना अडवलं, तुमच्यावर वॉरंट आहे म्हणून. एका मिनिटात दहा माणसं मेली. सात एजंट, दोन खाणकामगार, आणि महापौर.

इतक्या प्रवासात पहिल्यांदाच कायद्याचा माणूस कामगारांच्या बाजूने उभा होता. जुन्या पोस्टाच्या भिंतीत गोळ्यांची भोकं अजून आहेत. बाबांनी एका भोकात करंगळीचं टोक घातलं, पहिल्या पेरापर्यंत गेलं.

इथलं माइन वॉर्स म्युझियम २०१५ मध्ये लोकांनी स्वतः उभं केलंय, खाणकामगार घरातलेच लोक त्यात आहेत, युनियनचा आधार आहे. स्क्रिपची नाणी मधोमध भोक पाडलेली, तंबूंचे फोटो, कारण घरातून काढलेली कुटुंबं हिवाळाभर तंबूत राहिली. काउंटरवरच्या बाईंना बाबा युनियनवाले आहेत असं मी सांगितलं तर त्या बाहेर आल्या आणि त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला, मग दोघं निवांत बसून निमोनिया की सिलिकोसिस (धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग), पेन्शन की फंड असं बोलत राहिले आणि मी परत मधे दुभाष्या. बाबा तिथल्या वहीत मराठीत लिहून आले, नाव, गाव, युनियन.

सिड हॅटफील्ड खटल्यातून सुटला. पण १ ऑगस्ट १९२१ ला दुसऱ्या एका खटल्यासाठी वेल्चच्या कोर्टात गेला तेव्हा पायऱ्यांवरच, बायकोसमोर, त्याला आणि त्याचा मित्र एड चेंबर्सला गोळ्या घातल्या. दोघांच्या हातात काही नव्हतं. कुणाला शिक्षा झाली नाही.

सोमवार – ब्लेअर माउंटन

विल्यमसनहून लोगन आणि लोगनहून १७ नंबरचा रस्ता ब्लेअर माउंटनवरून जातो. रस्त्याच्या कडेला एक पाटी आहे, बस्स. ती चुकली तर कळणारही नाही की इथे अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरचं सगळ्यात मोठं सशस्त्र बंड झालं.

सिडच्या खुनानंतर ऑगस्टच्या शेवटी चार्ल्सटनजवळच्या मार्मेटहून दहा हजारांच्या आसपास खाणकामगार निघाले, गळ्यात लाल रुमाल, खांद्यावर बंदुका, मिंगो काउंटीतल्या, म्हणजे मेटवानच्याच जिल्ह्यातल्या, तुरुंगात टाकलेल्या सोबत्यांना सोडवायला. मधे लोगन काउंटी. तिथला शेरीफ डॉन चॅफिन खाणमालकांकडून पैसे घ्यायचा, त्याने या डोंगराच्या कण्यावर खंदक खणून मशीनगनी लावल्या. आठवडाभर लढाई. भाड्याच्या खाजगी विमानांतून घरगुती बाँब टाकले, आपल्याच देशाच्या कामगारांवर! मग राष्ट्राध्यक्ष हार्डिंगने लष्कर पाठवलं आणि खाणकामगारांनी बंदुका खाली ठेवल्या, कारण त्यातले कितीतरी जण पहिल्या महायुद्धात त्याच लष्करात लढून आलेले होते, आपल्याच गणवेशावर गोळी कशी झाडायची. लढाई चॅफिनशी होती, देशाशी नव्हती. तरी राजद्रोहाचे खटले झालेच. बिल ब्लिझर्ड नावाच्या तरुण नेत्यावरचा खटला चार्ल्स टाउनमध्ये चालला आणि १९२२ मध्ये ज्युरीने त्याला सोडलं.

बाबांनी विचारायच्या आधी मीच सांगितलं की इथेही करार नाही. युनियन इथे जवळजवळ संपली. पण १९३३ मध्ये रूझवेल्टच्या कायद्याने संघटित व्हायचा हक्क मान्य केल्यावर काही महिन्यांत या खोऱ्यांमधले कामगार धडाधड सभासद झाले. १९३५ ला वॅग्नर कायदा, मालकाने युनियनशी बोलणी करायलाच हवीत असा. १९३८ च्या कायद्याने आठवड्याच्या तासांवर मर्यादा आली, १९४० पासून चाळीस तास, वर काम केलं तर दीडपट ओव्हरटाइम. हे-मार्केटपासून चोपन्न वर्षं. माझ्या पगाराच्या स्लिपवर तो चाळीस आकडा दर पंधरवड्याला छापून येतो.

"म्हणजे करार झाला," बाबा म्हणाले, "पण सही करायला वेगळीच माणसं होती."

पाटीच्या पलीकडे डोंगरात जाणाऱ्या वाटेवर खाजगी जमिनीच्या पाट्या आहेत म्हणून वर गेलो नाही. कोळसा कंपन्यांना हा डोंगरच वरून कापून काढायचा होता. २००९ ला ही रणभूमी राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत आली, लगेच काढली गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१८ ला परत आली. त्यासाठीही स्थानिक लोक पुन्हा मार्मेटहून त्याच वाटेने चालत आले होते.

कुणाला जायचं असेल तर : हे-मार्केट आणि फॉरेस्ट होम एका दिवसात ट्रेनने होतं, पुलमनला पूर्ण दिवस द्या आणि पोर्टर म्युझियमच्या वेळा आधी बघून जा. कॅरी फर्नेसेसची टूर हिवाळ्यात नसते, बूट जाड घाला. मेटवानचं म्युझियम आठवड्यातले सगळे दिवस उघडं नसतं, फोन करून जा, आणि डोंगरात फोनला रेंज नाही तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा, पेट्रोल लोगन किंवा विल्यमसनलाच भरा. आमचं इलिनॉयमधलं माउंट ऑलिव्ह राहिलं, तिथे खाणकामगारांच्या स्मशानभूमीत त्यांची पुढारी मदर जोन्स हिची कबर आहे. शिकागोहून चार तास आहे, बाबांचा व्हिसा मार्चपर्यंत आहे आणि बर्फ वितळला की पहिल्या शनिवारी निघायचं ठरलंय.